काकड्याला उठणारं घर

कोजागरीच्या आगेमागे खेड-शिरूरकडच्या गावांमधली पहाट बदलते. कुठे आश्विन शुद्ध एकादशीला, तर कुठे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी देवळात काकडा सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एकही पहाट न चुकवता चालतो. दिवाळी या महिन्याच्या पोटातच येते. शहरात दिवाळी पहाट म्हणजे अभ्यंगस्नान आणि एखादी मैफल. इथे तशी पहाट महिनाभर रोज उगवते, आणि ऐकणारे वेगळे, गाणारे वेगळे असं तिथे काही नसतं. जो उठून देवळात येईल त्याच्या हातात टाळ दिला जातो.

वारकरी भजनाबद्दल मराठीत कमी लिहिलेलं नाही. पण त्यातलं बरंचसं वाटेवरचं आहे. आषाढी, पालखी, दिवेघाट, रिंगण. वारी वर्षातले काही आठवडे असते. बाकीचं वर्ष हे भजन घराघरांत राहतं, आणि तिथे ते कुणाच्या जिवावर राहतं हे मला जवळून पाहायचं होतं. सत्तरीतल्या माळकऱ्यांबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती तिशीतल्या जोडप्यांबद्दल. कंपनीच्या पाळ्या आहेत, घराचे हप्ते आहेत, एक मूल शाळेत, एक कडेवर. देवधर्म म्हातारपणी करायचा, असं आपण सहज म्हणून टाकतो. या भागातली घरं बघितल्यावर मी ते म्हणणार नाही. इथलं भजन तरुण संसारांनी उचलून धरलंय, आणि त्यांच्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा वेळ तोच आहे.

ज्या घरात मी सगळ्यात जास्त बसले, ते भीमेपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं. घरात सहा माणसं. आबा आणि आजी. त्यांचा मुलगा, जो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सून, जी घरीच ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. दुसरीतली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलगा म्हणजे आबांचा मुलगा, देवळात पखवाज वाजवतो. सून हरिपाठाच्या मंडळात आहे. आबा पूर्वी चाल म्हणायचे. आता दम पुरत नाही, म्हणून विणा घेऊन उभे राहतात.

पहाटे साडेचारला आधी स्वयंपाकघरातला दिवा लागतो, कारण भजनाची तयारी तिथून सुरू होते. सून परातीत मूठभर कणीक घेते आणि पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळते. मीठ-तेल काही नाही. ही कणीक पखवाजासाठी. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडावर मात्र वाजवायच्या आधी दर वेळी ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनाने कातडं जड होतं, आवाज खाली उतरतो आणि त्याला घुमारा येतो. कणीक कमी पडली तर डावं तोंड कोरडं, पोकळ वाजतं. जास्त झाली तर आवाज दबतो. शिवाय ती वाजवता वाजवता सुकते, म्हणून पखवाजी मधेच बोट ओलं करून तिच्यावर फिरवतो.

तिचा नवरा पडवीत मांडी घालून बसतो, पखवाज आडवा घेतो, कणकेचा गोळा मधोमध ठेवून अंगठ्याने कडेकडेला पसरतो आणि तळहाताने एक थाप मारतो. मग ऐकतो. पुन्हा चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. आतून आवाज येतो, “अजून बसली नाही.” चहा गाळताना पाठ त्याच्याकडे असूनही तिला ते कळलेलं असतं. तो हसतो, काढलेली चिमूट परत लावतो आणि थाप मारतो. आता ती काही बोलत नाही. मग तो हातोडी घेऊन उजव्या बाजूचे गठ्ठे ठोकायला लागतो. लग्न झालं तेव्हा तिला पखवाजातलं काही कळत नव्हतं. तिच्या माहेरी माळ नव्हती. “रोज ऐकून ऐकून कान तयार झाला,” ती म्हणाली. “आता ह्यांच्याआधी मला कळतं.” त्याने ते नाकारलं नाही.

उरलेल्या कणकेवर मुलीचा हक्क. ती डोळे चोळत येते, गोळ्यातला तुकडा तोडते आणि त्याची चिमणी करते. ती चिमणी चुलीशेजारी ठेवायची आणि देवळातून परत आल्यावर वाळली का बघायची, हा तिचा रोजचा क्रम.

देऊळ विठ्ठल-रुक्मिणीचं, घरापासून चार पावलांवर. पाच वाजता काकडा. काकडा म्हणजे कापडाची पिळून केलेली जाड वात, तुपात किंवा तेलात भिजवलेली. ती पेटवून देवाला ओवाळायचं. पण गावात काकडा म्हणतात तो पहाटेच्या सगळ्या भजनालाच. त्याचा क्रम गावागणिक थोडा बदलतो. आधी मंगलाचरण, काकड आरतीचे अभंग, भूपाळ्या. मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा, जोगी अशी रूपकं येतात. संतांनी आपल्या काळच्या गल्लीत दिसणारी माणसं उचलली आणि त्यांच्या तोंडी अभंग दिले. त्यांच्यामागून बाळक्रीडा आणि गौळणी, शेवटी आरती, पसायदान आणि लोणी-साखरेचा नैवेद्य. नैवेद्याची आणि चहाची पाळी घरोघर ठरलेली असते आणि तिची यादी देवळाच्या भिंतीवर लागते. आपली पाळी कधी, हे मुलांना मोठ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं.

या क्रमातली बाळक्रीडा मला फार महत्त्वाची वाटते. कृष्ण सवंगड्यांबरोबर यमुनेकाठी खेळतो, त्या खेळांवर नामदेव, एकनाथ, तुकाराम या सगळ्यांनी अभंग केले. चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, हुंबरी, फुगडी, लपंडाव. यातले काही खेळ आता अंगणात दिसतही नाहीत, पण पहाटेच्या भजनात ते अजून चालू आहेत. हमाम्याचे अभंग आले की पोरं जागच्या जागी उड्या मारायला लागतात, फुगडीच्या वेळी मुली हात धरून गरगर फिरतात. त्यांना कुणी “गप बसा” म्हणत नाही, कारण त्या क्षणी त्यांचा दंगा हाच भजनाचा भाग असतो. घरातली ही दुसरीतली मुलगी आंधळा आणि पांगुळ नीट बसून म्हणते आणि बाळक्रीडेची वाट बघते. तिचा धाकटा भाऊ बहुतेक दिवस पेटीच्या शेजारी शालीत झोपलेला असतो. चार-दोन हातांच्या अंतरावर वीस-पंचवीस टाळ वाजत असतात आणि तो हूं की चूं करत नाही. घरी मात्र भांडं पडलं तरी उठतो, असं त्याची आई सांगते.

मूल रडलं तर बाहेर न्या, अशी सूचना मी अनेक मैफलींत ऐकलीय. इथे मूल रडलं तर टाळकऱ्यांपैकी कुणीतरी त्याला उचलतो आणि एका हाताने टाळ चालू ठेवतो. दोन्ही टाळ दोरीने बांधलेले असतात, त्यामुळे एक पंज्यात धरून दुसरा त्यावर आपटता येतो. आवाज जरा कमी येतो, पण चालतं. लेकुरवाळ्या माणसांना हा संप्रदाय आपला का वाटतो, याचं माझ्यापुरतं उत्तर या दृश्यात आहे. इथे यायचं तर संसार बाहेर ठेवून यावं लागत नाही.

आणि हे आजचं नाही. मुळातच या परंपरेचा पाया घरांमध्ये आहे. नामदेवांचं घर बघा. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना, लेक लिंबाई, आणि त्याच घरात राबणारी जनाबाई. यांच्यातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. घर चालत नाही म्हणून गोणाई आणि राजाई देवाशी भांडतात, तेसुद्धा अभंगांतच. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंगकार. सोयराबाईचे दिवस भरले तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि विठ्ठलच नणंदेचं रूप घेऊन बाळंतपणाला आला, अशी कथा कीर्तनात सांगतात. देवाने सुईणपण केल्याची कथा ज्या संप्रदायाने जपली, त्याला संसाराचं वावडं कसं असेल? पैठणला एकनाथांच्या घरी गिरिजाबाई होत्या, आणि त्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजे कवी मुक्तेश्वर. तुकोबांच्या संसारात १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने पहिल्या बायकोचा घास घेतला. दुसऱ्या जिजाई भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायच्या, त्यांचा त्रागाही लोकांच्या तोंडी राहिला. त्याच घरातले धाकटे नारायणबाबा. १६८५ साली त्यांनी देहूहून पालखी सुरू केली.

सगळंच गोड होतं असं नाही. संत बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याबद्दल जे अभंग लिहिले, त्यांत नवऱ्याचा विरोध आणि मारहाणही आहे. लहान वयात मोठ्या माणसाशी झालेलं लग्न, गुरू तुकोबा मानल्याचा राग, आणि तरीही मुलं वाढवत केलेली भक्ती. घरात राहून गाणं बायकांना किती महाग पडू शकतं, हे त्यांनी सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय.

म्हणूनच हरिपाठ मंडळाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय. या गावात आबांच्या तरुणपणी बायका देवळात मागे बसायच्या. सप्ताहात पंगतीच्या पोळ्या त्यांच्या, टाळ पुरुषांचे. आता मंगळवारी आणि शुक्रवारी तिन्हीसांजेला बायकांचा हरिपाठ असतो. मंडळात सत्तरीच्या आजीपासून नुकतं लग्न होऊन आलेल्या मुलीपर्यंत सगळ्या आहेत. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ किंवा २८ अभंग, पावली टाकत, टाळांवर. पोथी कुणी उघडत नाही. सुरुवातीला त्या पुरुषांच्याच पट्टीत म्हणायच्या. मग एका कीर्तनकार बाईंनी सांगितलं की स्वतःच्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरा. त्यांनी पट्टी बदलली आणि आवाज मोकळे झाले. पण पखवाज पट्टीवर लावलेला असतो, त्यामुळे वेगळा पखवाज हवा झाला. सहा महिने वर्गणी काढून त्यांनी तो घेतला. आज तो दहावीतली एक मुलगी वाजवते.

मंगळवार-शुक्रवारी या घरातली सून सहा वाजता शिलाई मशीन झाकून ठेवते आणि जाते. धाकट्याला सांभाळणं, त्याला भरवणं आणि भाकरीचं पीठ चाळून ठेवणं हे त्या दिवशी नवऱ्याचं काम. पहिली पाळी असेल तर तो घरी असतोच. दुसरी पाळी असेल तर आबा. सासूबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली का, असं मी विचारलं. त्याच उत्तर द्यायला पुढे आल्या. “मीच तिला पाठवली. मला कुणी पाठवलं नव्हतं. माझ्या गळ्यात काही कमी होतं व्हय?” खेड्यातला तरुण बाप बायको भजनाला गेली म्हणून पोराला वरणभात भरवत बसलाय, हे मला पखवाजाच्या कुठल्याही परणीपेक्षा कमी वाटत नाही. भजनाने या घराला एक शिस्त दिली, आणि त्या शिस्तीत कामाची वाटणी बदलत गेली. सगळ्या घरांत असं झालेलं नाही. सप्ताहाच्या पोळ्या अजून बायकाच लाटतात. पण सुरुवात झालेली आहे आणि ती तिशीतल्या जोडप्यांनी केली आहे.

सासूबाईंच्या गळ्यात खरंच काही कमी नाही. दुपारी नातवाला मांडीवर घेऊन त्या ओव्या म्हणतात. जात्यावरच्या. घरात जातं आहे, पण ते तुळशीजवळ पालथं पडलेलं. दळण गिरणीत जायला लागलं आणि पहाटेचं गाणं बंद झालं, असं आपण मानतो. त्यांचं बंद झालं नाही, फक्त वेळ बदलली. ओव्यांचे विषय तेच. पंढरपूर, विठ्ठल आणि रुक्मिणीचं भांडण, भावाची वाट, लेकाचं कौतुक. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात जगासमोर आहेत. त्या संग्रहातल्या बायकांसारख्याच या आजी. त्यांना किती ओव्या येतात हे त्यांनी कधी मोजलेलं नाही. नातू झोपेपर्यंत पुरतात, एवढं त्यांना माहीत आहे. विठ्ठलाबद्दल त्या ज्या सुरात बोलतात तो घरातल्या माणसाबद्दलचा आहे. तो रुसतो, उपाशी राहतो, रुक्मिणीला उत्तर देताना अडखळतो. मांडीवरचं मूल हे सगळं अर्धवट झोपेत ऐकत असतं. श्रद्धा शिकवावी लागते तशी ही शिकवली गेलेली नाही. दूध-भाताबरोबर आत गेली आहे.

आता आबांच्या मुलाच्या कंपनीचं बोलायला हवं, कारण तिच्या घड्याळाशी रोज गाठ आहे. पाळ्या आठवड्याला फिरतात. फर्स्टच्या आठवड्यात सगळं जमतं. पावणेसहाला पसायदान, सहाला घरी चहा, साडेसहाला फाट्यावर कंपनीची बस. सेकंडच्या आठवड्यात तो रात्री साडेबारा-एकला घरी येतो. तेव्हा पहाटे त्याला उठवायचं नाही, असं घरात ठरलंय. तरी तो दोनेक दिवस उठतोच आणि दुपारी बसमध्ये झोपतो. नाइटच्या आठवड्यात काकडा चुकतो. तेव्हा पखवाजावर त्याचा शिष्य बसतो, गावातलाच बारावीतला मुलगा. सकाळी बसमधून उतरून घरी आला की पोरगी त्याला सगळं सांगते. कोण आलं, कोण आलं नाही, नैवेद्य कुणाचा, शिष्याचा ठेका कुठे पळाला.

तो स्वतः शिकला गावातल्या एका म्हाताऱ्या पखवाज्याकडे आणि नंतर दोन उन्हाळे आळंदीत. आळंदीचं नाव निघालं की विष्णुबुवा जोगांचं निघतंच. त्यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली; कीर्तन-प्रवचन करणारा माणूस ग्रंथ नीट शिकलेला असावा, हा त्यामागचा विचार. चार वर्षांचा अभ्यासक्रम, ज्ञानेश्वरी आणि गाथा, भजनाच्या चाली. पुढे त्या वाटेने आळंदीत कितीतरी लहानमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. मे महिन्यात मुलांची शिबिरं भरतात, आणि या भागातली पोरं मामाच्या गावाला जावं तितक्या सहज तिथे जातात. आता शिकण्याला मोबाईलही आहे. तो बसमध्ये कानाला वायर लावून जुन्या पखवाज्यांचं वाजवणं ऐकतो आणि मांडीवर बोटं चालवतो. शेजारी बसणाऱ्याला आता सवय झालीय. त्याच बसमध्ये भीमसेन जोशींची संतवाणीही तो ऐकतो. ते गाणं त्याला अतिशय आवडतं, पण दोन्हीतला फरक त्याने मला नेमका सांगितला: “तिथं ऐकताना डोळं मिटावं वाटतं. आमच्या चालीत डोळं उघडं ठेवावं लागतं. कोण कुठं उचलतोय ते बघावं लागतं ना.” वारकरी चाल एकट्याने पुरी होत नाही. एक जण चाल म्हणतो, समोरच्या रांगेने धृपद उचलायचं, मग दुसरी रांग. नजर चुकली तर सगळं कोलमडतं.

मी त्याला एकदा सरळ विचारलं की देव आहे असं तुला वाटतं का. पडवीत पखवाजाची सुकलेली कणीक नखाने खरवडत होता. जरा थांबून म्हणाला, “प्रेसशॉपला असतो मी. आठ तास धाड-धाड. घरी आलो तरी कानात तेच. टाळ वाजायला लागला की ते जातं. रोज जातं. आता हे कोण करतं म्हणायचं? मी माऊली म्हणतो.” मग पुन्हा खरवडायला लागला. मला यात अजून काही विचारावंसं वाटलं नाही.

भोंग्यावरून गावात मध्यंतरी चर्चा झाली. काकडा पूर्वी भोंग्यावर लागायचा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायचा नाही, असा २०००च्या नियमांचा दंडक आहे. शिवाय कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाची दहावी. तरुण मंडळींनीच पुढाकार घेऊन भोंगा बंद केला. जुन्यांना वाटलं, आता कोण येणार. झालं वेगळंच. घरात अंथरुणात पडून काकडा ऐकणारी माणसं ऐकायचा म्हणून उठून यायला लागली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि तो गावाने आपणहून घेतला याचं कौतुक वाटतं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे या घरात नुसती धांदल असते. पहिली अंघोळ सूर्य उगवायच्या आत व्हायला हवी आणि काकडाही चुकवायचा नाही, म्हणून साडेतीनलाच पाण्याचा बंब पेटतो. आजी पाटावर बसवून एकेकाला तेल लावते, उटणं चोळते. धाकटा ओरडतो. मोठीला नवा फ्रॉक घालायची घाई. तो आईनेच शिवलेला, गणवेशांच्या गर्दीतून वेळ काढून. मुलाला अंघोळ घालताना बापाने पखवाजाचे बोल म्हणायचे, ही त्यांची पद्धत. एकेका बोलाला एक तांब्या. धा, दिं, ता, आणि शेवटच्या तिहाईला तीन तांबे सलग. तिसऱ्या तांब्याला पोरगं खिदळतं आणि “पुन्ना” म्हणून मागतं. ताल त्याच्या अंगात असा पाण्याबरोबर शिरतोय. मग सगळे ओल्या केसांनी देवळात. त्या दिवशी देवळात उटण्याचा, अगरबत्तीचा आणि लोकांनी घरून आणलेल्या चकल्या-करंज्यांचा असा एकत्र वास भरलेला असतो. प्रसादाला लोणी-साखर असतेच, त्यावर चिवडा. पोरं फटाक्यांसाठी चुळबुळतात, पण बाळक्रीडा झाल्याशिवाय कुणी उठत नाही.

एक गोष्ट मात्र मी या गावात यायच्या आधी नुसती ऐकली होती, पाहिली नव्हती. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, तो कुणा ना कुणाच्या गळ्यात असतो आणि पहारे वाटून दिलेले असतात. पहारा बदलताना एकाच्या गळ्यातून विणा दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा, नात्याचा, जातीचा हिशेब नाही. काकड्याच्या शेवटीही तसंच, सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. या घरातली मुलगी आबांच्या पाया पडली, हे नेहमीचंच. मग आबा, सत्तरी ओलांडलेले, कंबर धरत खाली वाकले आणि सात वर्षांच्या नातीच्या पायाला त्यांनी हात लावला. “माऊली,” म्हणाले. तिनेही “माऊली” म्हटलं, सरळ, न लाजता. घरी हीच मुलगी दुधावरून आबांशी वाद घालते आणि आबा तिला रागावतात. पण रोज पहाटे एकदा तिचे आजोबा, तिचा बाप, तिची आई तिच्यापुढे वाकतात. मुलांना मान द्यावा, असं आपण पालकत्वाच्या पुस्तकांतून वाचतो. इथे ते वाकून करून दाखवतात. मोठेपणी ही मुलगी माळ घालेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आपल्यापुढे मोठी माणसं वाकत होती, हे ती विसरणार नाही असं मला मनापासून वाटतं.

त्रिपुरी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती. दिंडी गावातून फिरते, दारोदार सडा-रांगोळ्या पडतात, काल्याचं कीर्तन होतं आणि पंगत बसते. या वर्षी वाढायला पुरुष होते, आणि पोळ्या लाटायला चार जणी बाहेरून मजुरीने आणल्या होत्या. हरिपाठ मंडळाला दिंडीत पुढे चालायचं होतं, म्हणून मंडळाच्या बैठकीत तसा ठरावच झाला.

समाप्ती झाली म्हणजे संपलं असं नाही. लगेच कार्तिक वद्य एकादशीला आळंदी असते आणि त्रयोदशीला माऊलींचा संजीवन समाधी सोहळा, १२९६ सालापासूनची तिथी. घरात आता तोच विषय. शिफ्टचा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि एकादशीच्या आठवड्यात त्यावर नाइट दिसते. लाइनवरचा एक सहकारी पाळी बदलून द्यायला तयार आहे, पण त्याला बदल्यात खंडोबाच्या चंपाषष्ठीला सुट्टी हवी. सुपरवायझरला दोघांनी मिळून विचारायचं ठरलंय. सून म्हणते, पाळी बदलली नाही तरी आम्ही जाणार. एसटीने मी, सासूबाई, दोघं पोरं आणि मंडळातल्या नऊ जणी. मुलीला आळंदीतून टाळ हवेत, स्वतःचे, तिच्या हाताला बसतील असे लहान. आबांनी पैसे देऊन ठेवलेत. धाकट्याला काय पाहिजे विचारलं तर तो म्हणाला, “मला पन पखवाज,” आणि स्टीलचा डबा पालथा घालून त्याच्यावर त्याने पोळीच्या कणकेचा अख्खा गोळा थापला.

“अहो, बघा हो जरा ह्याच्याकडं,” आतून ती ओरडली, “रात्रीच्या पोळ्यांची कणीक होती ती!”

बाप उठला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, “जास्त झाली रे. थोडी काढ.”